लव्हेंडरचा नाद आणि वाळ्याचा व्यवहार

गेल्या काही महिन्यांत हिंगणघाट व आसपासच्या वाचकांकडून, विशेषतः भगिनींकडून, एकच विचारणा आमच्याकडे वारंवार येत आहे. अंगणात किंवा गच्चीवर लव्हेंडर लावता येईल काय? आणि त्याची फुले वाळवून सुगंधी थैल्या वगैरे वस्तू केल्या तर घरबसल्या चार पैसे हाती लागतील काय? मोबाईलवर जांभळ्या शेतांची चित्रे आता सर्वांनीच पाहिली आहेत आणि बियांच्या पाकिटांच्या जाहिरातीही त्या चित्रांखालीच असतात. उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नसल्यामुळे या अंकात त्यासाठी जागा काढली आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर हिंगणघाटात लव्हेंडरचे रोप हौसेपुरते येते, धंद्यापुरते येत नाही. मात्र ज्या कामासाठी भगिनी लव्हेंडरचा विचार करीत आहेत, ते काम आपल्याच मातीतल्या वाळ्यावर होऊ शकते. बाजारात ज्याला आपण खस म्हणतो तोच हा वाळा.

आधी लव्हेंडरविषयी. हे झाड भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारांवरचे. त्याला कडक थंडी लागते, कोरडा उन्हाळा लागतो आणि मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही. आपल्या लोकांना हे कुळ अगदीच अपरिचित नाही. युनानी दवाखान्यात मिळणारे इत्रीफल उस्तुखुद्दूस अनेकांनी घेतले असेल. त्यातील उस्तुखुद्दूस म्हणजे लव्हेंडरचीच एक जात होय. हकीमांनी तिला मेंदूचा झाडू असे नाव दिले आहे. अरबीत लव्हेंडरला खुजामा म्हणतात.

भारतात या पिकाचा बोलबाला झाला तो जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाहमुळे. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१६ च्या सुमारास अरोमा मिशन सुरू केले आणि तिच्या जम्मू येथील संस्थेने तेथील शेतकऱ्यांना रोपे व तेल काढण्याची यंत्रे पुरविली. मक्याच्या जागी लव्हेंडर आले. २०२२ च्या मे महिन्यात तेथे पहिला लव्हेंडर महोत्सवही भरला. लिटरभर तेलाला दहा हजारांच्या आसपास भाव मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या, आणि येथूनच आपल्याकडील मंडळींच्या मनात गणित सुरू झाले. पण भदरवाह समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. हिंगणघाटात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यानंतर चार महिने पाऊस आणि पायाखाली पाणी धरून ठेवणारी काळी कपाशीची जमीन. दोन्ही ठिकाणे एका देशात आहेत एवढेच साम्य.

हे आम्ही ऐकीव माहितीवर सांगत नाही. आम्हीही एकदा पाकिटातील बिया मागवून पाहिल्या. वीस बियांपैकी तीन रुजल्या, तीही महिनाभर वाट पाहावयास लावून. उन्हाळा त्या रोपांनी कशीबशी सावलीत काढला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील सततच्या पावसात तिन्ही मुळांपासून कुजून गेली. नंतर कळले की या बियांना आधी काही आठवडे थंडाव्यात ठेवावे लागते, आणि जाणकार लोक बियांपासून रोप करण्याऐवजी फांदीचे छाट लावतात. पाकिटावर यातील काहीही छापलेले नव्हते.

तरीही ज्यांना हौस आहे त्यांनी एखादी कुंडी जरूर ठेवावी. मातीची कुंडी घ्यावी, प्लास्टिकची नको. अर्धी जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे, अर्धी माती आणि मूठभर चुनखडीचा चुरा असे मिश्रण करावे. छाटाचे रोप ऑक्टोबरात लावले तर थंडीत ते चांगले वाढते. मार्चनंतर सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. पावसाळ्यात कुंडी ओसरीखाली घ्यावी आणि माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. फुले आलीच तर दांडीवरील खालच्या कळ्या उमलू लागताच दांडी कापावी, लहान जुड्या बांधून अंधाऱ्या व हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात. दहा-पंधरा दिवसांत त्या वाळतात. एका कुंडीतून जेमतेम एक-दोन थैल्यांपुरती फुले निघतील. हा आनंदाचा विषय आहे, उत्पन्नाचा नव्हे.

वाळा का?

विदर्भातील माणसाला वाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. कूलरच्या ताटीवर पहिले पाणी पडले की घरभर पसरणारा तो वास म्हणजेच आपला उन्हाळा. अकबराच्या दरबाराची माहिती देणाऱ्या आईन-ए-अकबरीतही खसखान्याचा उल्लेख येतो. वाळ्याच्या मुळांच्या ताट्यांनी खोली मढवायची आणि वरून पाणी शिंपडायचे, की उन्हाळ्यात हिवाळा. म्हणजे आमचे कूलर तसे चारशे वर्षांचे जुने आहेत.

वाळा हे गवत आहे. सुगंध त्याच्या मुळांत असतो. ऊन, पाऊस, पाण्याचा ताण, काही दिवस साचलेले पाणी, सारे ते सोसते. आपल्या जमिनीत ते जोमाने वाढते, आणि अडचण येथेच सुरू होते. काळ्या जमिनीत मुळे खोल जातात, पण काढताना तुटतात व चिकणमातीतून धुऊन काढता काढता मजुरी वाया जाते. म्हणून काहीजण शेताच्या धुऱ्यावर वाळा लावतात. तो माती धरून ठेवण्यास उत्तम, परंतु धुऱ्यावरचा वाळा खणून काढला तर धुराच ढासळेल. त्याच्या मुळांवर उत्पन्नाचा हिशोब कोणी मांडू नये.

घरासाठी सोपा मार्ग म्हणजे गोणी. सिमेंटची किंवा खताची रिकामी चुंगडी स्वच्छ धुवावी, बुडाला आठ-दहा भोके पाडावीत आणि विटांवर उभी करावी. दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण अडीच फुटांपर्यंत भरावे. उधळीचा त्रास असेल तर ओंजळभर निंबोळी पेंड मिसळावी. जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी पाऊस लागला की ठोंबापासून वेगळे केलेले फुटवे लावावेत. पाने वीतभर ठेवून कापावीत, जुनी मुळे दोन बोटे ठेवून छाटावीत, आणि एका गोणीत दोन ते तीन फुटवे तीन-चार इंच खोल दाबावेत. जागा पूर्ण उन्हाची हवी. सावलीत पाने वाढतात, मुळे वाढत नाहीत. पावसाळ्यात काही करावे लागत नाही. थंडीत चार-पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरे. दर तीन-चार महिन्यांनी पाने हातभर उंचीवर कापावीत.

फुटवे घेताना जात विचारून घ्यावी. उत्तर भारतातील रानटी वाळ्याला फुलोरा येऊन बी पडते. लागवडीसाठी निवडलेल्या जाती वेगळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, केएस-१, धारिणी, गुलाबी, केशरी, सिम-वृद्धी अशा जाती दिल्या आहेत. आपल्या जवळचे ठिकाण म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान. तेथे चौकशी करावी. एकदा आणलेले फुटवे पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत, कारण एका ठोंबापासून दहा-बारा नवे सहज निघतात.

यात धीर लागतो. जुलैत लावलेला वाळा पहिल्या थंडीत काढू नये. मुळे कोवळी असतात व वास उथळ येतो. दुसऱ्या थंडीत, म्हणजे सतरा-अठरा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत गोणी चिरावी. आठवडाभर आधी पाणी तोडलेले असावे. वरची पाने कापून मातीचा गड्डा आडवा पाडायचा आणि पाण्याच्या धारेने धुवायचा. वाळू असल्यामुळे मुळे अखंड निघतात. ती दोन-तीन दिवस सावलीत पसरावीत. कडक उन्हात टाकण्याची चूक करू नये, वास उडतो. जाड, पिवळसर, ताणली असता सहज न तुटणारी मुळे वस्तूंसाठी निवडावीत. बारीक तुटलेली माठासाठी ठेवावीत. गड्ड्याच्या डोक्याचे फुटवे करून ओल्या मातीत दडवून ठेवावेत, पुढील लागवड त्यातून होईल.

काय बनवावे

सर्वांत सोपी व चटकन खपणारी वस्तू म्हणजे कपाटात ठेवायची थैली. कापड सुतीच हवे. मलमल किंवा पातळ मांजरपाट चालतो, नायलॉनमधून वास बाहेर येत नाही. चार इंच बाय पाच इंचांची थैली, दुहेरी शिलाई, आत दहा ग्रॅम मुळे. मुळांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. काही भगिनी मुळे कुटून भुकटी भरतात. असे करू नये. भुकटी कापडातून गळून कपडे मळवते आणि वासही लवकर संपतो. लव्हेंडरच्या फुलांपेक्षा वाळ्याचे एक बरे आहे. वास मंद झाला की पाण्याचे चार थेंब शिंपडावेत, तो परत येतो. हे वाक्य थैलीसोबतच्या चिठ्ठीवर अवश्य छापावे, कारण गिऱ्हाईक पुन्हा येण्याचे ते मोठे कारण ठरते. हीच थैली थोडी चपटी शिवली तर घडी केलेल्या जानिमाजमध्ये ठेवता येते. लोकरीच्या कपड्यांत कसर लागू नये म्हणूनही वाळा ठेवण्याची जुनी रीत आहे.

दुसरी वस्तू माठातील पुरचुंडी. बारीक मुळे तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत ठेवावीत, ते पाणी टाकून द्यावे, मुळे वाळवून पांढऱ्या मलमलीत बांधावीत. वापरणाऱ्याने तीन-चार दिवसांनी पुरचुंडी उन्हात वाळवून पुन्हा टाकायची. रमजानमध्ये इफ्तारच्या पाण्याला हा वास असला की वेगळे सरबत लागत नाही. बाजारातील हिरव्यागार खस सरबताशी मात्र याची तुलना करू नये. वाळ्याचे पाणी हिरवे नसते, तो रंग बाटलीवाल्यांचा.

कूलरसाठी पूर्वीसारख्या पूर्ण ताट्या करणे घरच्या मुळांवर शक्य नाही. एका ताटीलाच किलो-दीड किलो मुळे सहज लागतात. शिवाय नव्या कूलरमध्ये कागदी जाळीचे पॅड आले आहेत, त्यात मुळे भरता येत नाहीत. पण जाळीदार कापडाची एक वीतभर पिशवी मुळांनी भरून कूलरच्या टाकीत सोडली तर जवळपास तोच वास मिळतो. ही वस्तू विदर्भाबाहेर कोणाला सुचणार नाही आणि विदर्भात समजावून सांगावी लागणार नाही. मार्चअखेर ती दुकानात असावी, मे महिन्यात उपयोग नाही.

अंग घासण्याची गुंडाळी, हातपंखा, या वस्तूंना हात बसावा लागतो. पंख्यासाठी बांबूच्या कामट्यांची चौकट करून सुती दोऱ्याने मुळे विणतात. एक पंखा करण्यास अर्धा दिवस जातो, तेव्हा तो स्वस्तात विकण्याची घाई करू नये.

मोगऱ्याचे झाड अनेकांच्या दारी आहे. त्याचेही एक जुने काम सांगतो. पांढऱ्या, साल काढलेल्या तिळाचा थर, त्यावर ताज्या कळ्यांचा थर, पुन्हा तीळ, असे रात्रभर ठेवायचे. सकाळी फुले चाळून काढायची व संध्याकाळी नवी घालायची. आठ-दहा दिवसांनी तीळ घाणीवर पिळले की सुगंधी तेल मिळते. कनौज, जौनपूरकडील फुलेल असेच होत असे. घरच्या वापरासाठी उत्तम. विक्रीसाठी मात्र एक अडचण आहे, ती पुढे येईल.

हिशोब

आता मुख्य गोष्ट. शेतात हेक्टरी चाळीस हजारांच्या आसपास रोपे बसतात आणि दोन ते तीन टन वाळलेली मुळे निघतात, म्हणजे रोपामागे ५० ते ७५ ग्रॅम. वीस गोण्यांत पन्नास रोपे धरली तर अडीच ते पावणेचार किलो मुळे. सावधपणे अडीच किलोच धरू. यातून तेल काढू म्हटले तर एक टक्क्याच्या हिशोबाने २५ ग्रॅम तेल, आणि त्यासाठी तांब्याची देग, भपका व पंधरा-वीस तासांचा विस्तव. हे काम कनौजच्या कारागिरांचे. त्याच मुळांच्या दहा-दहा ग्रॅमच्या थैल्या केल्या तर अडीचशे होतात. समजा थैली तीस रुपयांना गेली आणि कापड, दोरा, चिठ्ठी यांना आठ रुपये लागले, तर थैलीमागे बावीस आणि एकूण साडेपाच हजार रुपये राहतात. तेही दीड वर्षाने.

एवढ्यावर कोणाचा संसार चालणार नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पण या हिशोबात एक गोष्ट दडलेली आहे. तीस रुपयांतील मोठा भाग मुळांचा नाही, तो शिवणाऱ्या हाताचा आहे. म्हणून आमचा सल्ला उलट क्रमाचा आहे. पहिल्या वर्षी बागेच्या उत्पन्नाची वाट न पाहता दोन-तीन किलो मुळे विकत आणावीत, वस्तू कराव्यात, ओळखीच्या दहा घरांत व दोन दुकानांत देऊन पाहावे. विक्री होते असे दिसले तरच गोण्या वाढवाव्यात. नाही झाली तर नुकसान दोन-तीन किलो मुळांचे.

मुळे नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानांतून घाऊक मिळतात. येथे डोळे उघडे ठेवावेत. तेल काढून घेतलेली मुळेही बाजारात येतात, दिसायला तशीच आणि भावाने स्वस्त. चिमूटभर मुळे पाण्यात बुडवून दहा मिनिटांनी वास घ्यावा. अस्सल वाळ्याचा वास ओल्या मातीसारखा, खोल आणि टिकणारा येतो. उकळलेल्या मुळांना नुसता लाकडाचा वास येतो. अशी मुळे थैलीत भरून वरून अत्तराचे दोन थेंब टाकण्याची युक्ती कोणीतरी सुचवीलच. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ती धान्यापुरती नाही.

कच्चा माल आणि नाव

कच्चा माल विकून नाव व नफा दुसऱ्याला देण्याचा अनुभव आपल्या भागाला जुना आहे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई. गाठी येथून जात आणि कापड होऊन परत येत. सुगंधाच्या धंद्यात असेच रोशा गवताचे झाले. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत आढळते की खानदेशात हे तेल काढणारे बहुतेक मुसलमान होते. पावसाळा संपताना ते भिल्लांकडून गवत विकत घेत आणि ओढ्याकाठी भट्ट्या लावत. तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई, तेथे त्याला तुर्की जिरेनियम तेल असे नाव पडे, आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात ते भेसळीसाठी वापरले जाई. गवत खानदेशचे, मेहनत भिल्लांची व आपल्या भट्टीवाल्यांची, नाव तुर्कस्तानचे, आणि पैसा गुलाबाचा. थैलीवर आपल्या गटाचे व गावाचे नाव छापा असे आम्ही सांगतो ते याच कारणाने.

नियमांविषयी थोडे. कपाटातील थैली, कूलरची पिशवी, पंखा यांना खास परवाना लागत नाही. सरबत किंवा खाण्यापिण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी. माठातील पुरचुंडीही पाण्यात जाते, म्हणून तिच्याविषयीही आधी विचारून घ्यावे. अंगाला, केसाला लावायचे तेल, साबण, उटणे हे सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येते व उत्पादनाचा परवाना लागतो. मोगऱ्याच्या तेलाची अडचण हीच. उद्योगाची उद्यम नोंदणी विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. वर्ध्यातील मगनवाडी येथे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र याच जागी होते आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे काम केले. तेथील वनौषधी, खादी व हस्तकलेच्या विभागांत चौकशी करण्यासारखी आहे. आपल्या भगिनी तेथे फारशा दिसत नाहीत, ही तक्रार संस्थेविषयी नव्हे, आपल्याविषयी आहे.

भांडवलासाठी व्याजाचे कर्ज काढण्याइतके हे काम मोठे नाही. चार-पाच जणींनी हजार-हजार रुपये घालून भागीदारी करावी, नफा-तोट्याचा वाटा आधीच कागदावर लिहून घ्यावा. आणि कोणी लव्हेंडरची किंवा वाळ्याची रोपे देऊन माल हमीभावाने परत घेण्याचा करार पुढे केला, तर सही करण्यापूर्वी १९९० च्या दशकातील सागवानाच्या योजना आठवाव्यात. त्यांत इतक्यांचे पैसे बुडाले की १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. त्यानंतर विदर्भात सफेद मुसळीचा बोलबाला झाला आणि पुष्कळांच्या घरी कंद पडून राहिले. माल कोण घेणार, आज कोणत्या भावाने घेतो, आणि त्याच्याकडे विकलेला एखादा शेतकरी भेटू शकेल काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

वेळापत्रक असे ठेवता येईल. फुटव्यांची चौकशी मे महिन्यात, लागवड जूनअखेर. विकत आणलेल्या मुळांचे काम दिवाळीनंतर लागलीच सुरू करावे. २०२४ मध्ये रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तेव्हा ईदच्या भेटीच्या थैल्या जानेवारीत शिवून झालेल्या हव्यात, कूलरच्या पिशव्या त्यानंतर घेतल्या तरी चालतील.